वस्तीपर्यंतची वाट आणि यंत्राची निवड

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वर्षभराचा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरमधला. पावसाची वाट पाहण्यातच येथील शेतकऱ्याचे निम्मे आयुष्य सरते. परंतु ज्या उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर रब्बी ज्वारीची सारी आशा असते, त्याच पावसात मोहोळ, माढा, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी अशा तालुक्यांतील असंख्य शेतवस्त्या गावापासून तुटतात. पूर येतो तो नदीकाठच्या लोकांच्या वाट्याला. वस्तीवरच्या माणसाला अडवण्यास पूर लागत नाही, दोन दिवसांची संततधार पुरते. डांबरी सडक संपून वस्तीकडे वळणारी पाचशे-सहाशे मीटरची काळ्या मातीची वाट भिजली, की तिच्यावरून मोटार तर सोडाच, बैलगाडीही निघत नाही.

या अडचणीची झळ प्रत्येक घराला वेगळी लागते. शाळेला निघालेली मुले चपला हातात घेऊन चिखल तुडवतात आणि सडकेवरच्या हापशावर पाय धुऊन पुढे जातात. पहाटे काढलेले दूध संकलन केंद्रावर वेळेत पोहोचत नाही. तोडणीला आलेले डाळिंब बागेतच थांबते. उसाची तोड मिळते, पण ट्रॉली आत येऊ शकत नाही म्हणून टोळी दुसऱ्याच्या फडात निघून जाते. मुलाचे स्थळ पाहायला आलेले पाहुणे घर, शेती, शिक्षण सारे पसंत करतात आणि परतताना वाटेतला चिखल पाहून गप्प होतात. सर्वांत भयाण प्रसंग रात्रीचा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत कळ येते, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सडकेवर येऊन उभी राहते, आणि उरलेले अंतर खाटेवरून, चार माणसांच्या खांद्यावरून कापावे लागते. त्या अर्ध्या तासाची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

असा एखादा प्रसंग घरात घडला, की दुसऱ्याच दिवशी कर्ता पुरुष निश्चय करतो, ‘यंदा काहीही करून रस्त्याचा बंदोबस्त करायचा.’ मग चर्चा सुरू होते ती यंत्रांची. ट्रॅक्टरला मागे पाते बसवावे का? जेसीबी बोलवावा का? चौघांत मिळून एखादे जुने यंत्रच विकत घ्यावे का? हे प्रश्न योग्यच आहेत; मात्र त्यांचा क्रम बहुधा चुकतो. यंत्राची निवड ही या विचाराची अखेरची पायरी असावी, पहिली नव्हे.

बर्फाच्या देशातला तोच प्रश्न

समाजातील पुष्कळ घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत व कॅनडात स्थायिक आहेत. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग किंवा कॅनडातील ओंटारिओ येथे शहराबाहेर घर घेतलेल्या कुटुंबांसमोर दर हिवाळ्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची दोनशे मीटरची खाजगी वाट बर्फाखाली गाडली जाते. सरकारी यंत्रणा मुख्य रस्ता साफ करते. घराकडे येणारी वाट ज्याची त्याने मोकळी करायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत काही दिवसांत दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला. अशा वेळी दार उघडून बाहेर पडणे हेच मोठे काम होऊन बसते.

तेथील अनुभवी माणूस यंत्र घेण्यापूर्वी हिशेब करतो. दोनशे मीटर लांब आणि तीन मीटर रुंद वाट म्हणजे सहाशे चौरस मीटर. तीवर वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर बर्फ पडला तर तो १२० घनमीटर होतो. भुसभुशीत ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला शंभर किलो धरले, तरी एकूण बारा टन. फावड्याने एका वेळी पाच किलो उचलायचे, तर दोन हजार चारशे वेळा वाकावे लागेल. ओला, दबलेला बर्फ याच्या तिपटीहून अधिक भरतो. थंडीत अचानक असे श्रम केल्याने हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रसंग तेथे दर हिवाळ्यात घडतात. म्हणूनच साठी उलटलेल्या आई-वडिलांनी मुलांकडे गेल्यावर उत्साहाने फावडे हाती घेऊ नये, असे तेथील वैद्यही सांगतात.

बर्फ फेकणाऱ्या यंत्राचा जनक कॅनडातील क्वेबेक प्रांताचा आर्थर सिकार. त्याने १९२५ मध्ये असे यंत्र तयार केले. आज त्याचे अनेक प्रकार मिळतात. एकटप्पी यंत्रात फिरणारा मळसूत्री पंखा बर्फ उचलतो आणि तोच बाहेर फेकतो. हे यंत्र हलके व स्वस्त असते, पण त्याचा पंखा जमिनीला घासतो. म्हणून ते डांबरी किंवा काँक्रीटच्या आखूड वाटेला चांगले. खडीच्या वाटेवर तेच यंत्र बर्फासोबत दगडही उडवते. दुटप्पी यंत्रात मळसूत्र बर्फ गोळा करते आणि मागचा स्वतंत्र पंखा तो दूर फेकतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या टाचा वरखाली करता येतात, त्यामुळे पंखा खडीपासून बोटभर उंच ठेवता येतो. सत्तर सेंटिमीटर रुंदीच्या अशा यंत्राने वर सांगितलेली वाट साफ करायची, तर पाच फेऱ्या, म्हणजे एक किलोमीटरची चाल होते. वाट याहून लांब असेल तर ट्रॅक्टरला जोडायचा फेकपंखा किंवा गाडीपुढचे पाते सोयीचे ठरते. पाते काम झपाट्याने करते, पण ते बर्फ नाहीसा करत नाही, फक्त बाजूला सारते. पहिल्याच हिमपातात तो ढीग वाटेपासून पुरेसा दूर ढकलला नाही, तर फेब्रुवारीपर्यंत दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात आणि वाट गाडीच्या रुंदीचीही उरत नाही.

या साऱ्या अनुभवातून तेथील लोक पाच प्रश्न शिकले आहेत. वाटेवर काय साचते? किती साचते? खालचा पृष्ठभाग कसला आहे? बाजूला काढलेले कोठे जाणार? आणि हे काम वर्षातून किती वेळा, कोणाच्या हातून होणार? सोलापूरच्या काळ्या वाटेला हेच पाच प्रश्न विचारावेत. उत्तरे मात्र अगदी निराळी येतात.

काळ्या मातीचा स्वभाव

बर्फ वरून पडतो आणि खालची जमीन घट्टच राहते. वरचे काढले, की वाट मोकळी. चिखलाचे तसे नाही. येथे वाटच चिखल होते. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण फार असते. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती फुगते, मऊ होते आणि चाकाला चिकटते. कोरडी असताना जी वाट भरलेली ट्रॉली सहज पेलते, तीच भिजल्यावर दुचाकीचाही भार सोसत नाही. ज्या गुणामुळे मंगळवेढ्याची ज्वारी केवळ जमिनीतील ओलीवर पोसते, तोच गुण वाटेच्या मुळावर येतो. मातीचा यात दोष नाही. शेताला जे हवे ते वाटेला नको, एवढेच.

यावरून पहिला नियम निघतो. भर पावसात यंत्र लावून चिखल खरवडणे हा उपाय नव्हे. वरचा चिखल काढला, की खालची माती उघडी पडते, तीही भिजते, आणि वाट शेजारच्या शेतापेक्षा खोल जाते. मग सारे पाणी वाटेतच उतरते. जुन्या अनेक पाणंदी आज ओढ्यासारख्या दिसतात त्या यामुळेच. वर्षानुवर्षे चाकोरीत रुतलेली चाके आणि वरून खरवडणारी पाती यांनी त्या खोल केल्या.

दुसरा नियम पाण्याचा. तीनशे मीटर लांब आणि तीन मीटर रुंद वाटेवर एका दिवसात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर केवळ त्या वाटेवर पडणारे पाणी पंचेचाळीस हजार लिटर भरते. शेजारच्या शेतातून येणारे पाणी यात धरलेले नाही. एवढ्या पाण्याला बाहेर पडण्यास जागा नसेल तर वरून कितीही मुरूम टाकला तरी तो दोन पावसाळ्यांत मातीत गडप होतो. ‘मागच्या वर्षी वीस ट्रॉल्या टाकल्या, गेल्या कुठे?’ हा प्रश्न वस्तीवस्तीवर ऐकू येतो. त्या खाली गेल्या, कारण पाणी बाजूला गेले नाही.

आधी आकार, मग यंत्र

चांगल्या वाटेचा आकार साधा असतो. मध्यभाग उंच, दोन्ही कडा उतरत्या, आणि कडेला चर. तीन मीटर रुंदीच्या मुरमी वाटेचा मध्य कडांपेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच असला तरी पाणी बाजूला वाहते. चराचा उतार जवळच्या ओढ्याकडे, नाल्याकडे किंवा शेततळ्याकडे हवा. नुसता खोदलेला आणि कोठेच न जाणारा चर म्हणजे लांबट डबके. जेथे पाणी वाट ओलांडते, तेथे सिमेंटच्या पाइपाची मोरी घालावी. पाइपाच्या दोन्ही तोंडांना दगडाची भिंत बांधावी, म्हणजे काठ ढासळत नाहीत.

वाटेचा थर असा धरावा. आधी वरची मऊ, सेंद्रिय माती काढून ती शेतात पसरावी. ती शेताचे धन आहे. मग जेथे जमीन फारच पोकळ असेल तेथे डबराचा थर द्यावा, त्यावर कठीण मुरूम पसरावा. काही ठिकाणी माती आणि डबर यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल नावाचे जाड कापड अंथरतात. पाणी त्यातून निथळते, पण दगड मातीत बुडत नाही. काळ्या मातीत वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना मिसळून ती दाबल्यास तिचे फुगणे पुष्कळ कमी होते, हाही रस्ताबांधणीतला जुना व मान्य उपाय आहे. रोटाव्हेटरचा रस्त्यावर उपयोग झालाच तर तो असा चुना मिसळण्यापुरता. निव्वळ सपाटीसाठी रोटाव्हेटर फिरवला, तर दबलेली वाट पुन्हा भुसभुशीत होते आणि पहिल्याच पावसात तिचा राबडा होतो.

मालाचा हिशेब आधीच करून ठेवावा. तीनशे मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दाबल्यावर पंधरा सेंटिमीटर जाड थर म्हणजे १३५ घनमीटर, अर्थात सुमारे ४८ ब्रास. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून प्रत्यक्षात साठ ब्रासच्या आसपास आणावा लागतो. हा आकडा हाती असला की ठेकेदाराशी बोलणे नेमके होते. मुरूम हे गौण खनिज आहे. त्याच्या उत्खननासाठी व वाहतुकीसाठी महसूल विभागाची परवानगी लागते, ती आधी घ्यावी.

कोणते यंत्र कशासाठी

आता यंत्रांकडे वळता येते. घरचा ट्रॅक्टर व त्यामागे जोडलेले लोखंडी पाते हे वस्तीवरचे सर्वांत उपयोगी साधन. चाकोऱ्या भरणे, कडेला गेलेला मुरूम पुन्हा मध्यभागी आणणे, पावसाळ्यानंतर वाट सारखी करणे ही कामे ते उत्तम करते. पाते तिरपे करता येणारे घ्यावे. सरळ पाते माल पुढे ओढत नेते. तिरपे पाते तो कडेकडून मध्याकडे वळवते, आणि मध्य उंच राखायचा तर हेच हवे असते. काम वाफशावर करावे. माती हाताला चिकटत नाही आणि धूळही उडत नाही, असा तो दिवस पेरणीप्रमाणे वाटेलाही मानवतो. एक चूक मात्र सर्रास होते. पात्याने कडेला मातीचा बांध साचतो आणि पाणी वाटेतच कोंडले जाते. दर वीस-पंचवीस पावलांवर तो बांध फोडून पाण्याला चराकडे वाट द्यावी.

जेसीबी खोदण्यासाठी. चर काढणे, मोरीचा पाइप बसवणे, डबर भरणे ही त्याची खरी कामे. तो तासाच्या भाड्याने मिळतो, त्यामुळे चुन्याची फक्की मारून रेषा आखलेल्या, पाइप जागेवर आणलेले, माल कोठे टाकायचा ते ठरलेले अशी तयारी असावी. नाही तर यंत्र उभे राहते आणि भाडे चालू राहते. त्याच्या बादलीने शेवटची सपाटी करून घेण्याचा मोह टाळावा. रस्त्याला आकार देण्यासाठी ती नव्हे. तो आकार देणारे यंत्र म्हणजे ग्रेडर. एकट्या वस्तीला ते परवडत नाही, पण परिसरात रस्त्याचे सरकारी काम चालू असेल आणि चार-पाच वाटांचे काम एकत्र दिले, तर त्याची चौकशी करण्यासारखी असते.

ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते यंत्र रोलर. मुरूम टाकून ‘ट्रॅक्टर जाऊन जाऊन बसेल’ असे म्हणून सोडून देणे ही महागडी काटकसर ठरते. ट्रॅक्टरची चाके ठरावीक चाकोरीतच दाबतात आणि मधला भाग सैल राहतो. थर पातळ पसरावा, टँकरने पाणी मारावे, रोलर कडेकडून मध्याकडे न्यावा, मग पुढचा थर द्यावा. एका दिवसाचे रोलरचे भाडे पुढच्या अनेक ट्रॉल्यांचा खर्च वाचवते.

आणि कुदळ, फावडे, घमेले? त्यांचे स्थान कोणतेही यंत्र घेत नाही. पहिल्या जोराच्या पावसात घरातल्या एकाने छत्री आणि फावडे घेऊन वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. पाणी कोठे थांबते, कोठे वाट ओलांडते, कोणत्या मोरीत पालापाचोळा अडकतो, हे त्या एका फेरीत जेवढे कळते तेवढे उन्हाळ्यातल्या दहा बैठकांत कळत नाही.

भार वाटून घेण्याचा धडा

याच जिल्ह्याच्या इतिहासात एक उद्बोधक उदाहरण आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची अरुंद लोहवाट. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एक नियम घालून घेतला होता. कोणत्याही डब्याच्या वा इंजिनाच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. भार अनेक आसांवर वाटल्यामुळे हलक्या रुळांवरून मोठी वाहतूक शक्य झाली. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या कंत्राटदारीचा आरंभही याच रेल्वेच्या विस्ताराच्या कामातून झाला.

वस्तीच्या वाटेलाही हा नियम लागू पडतो. वर्षभर मोटारसायकली आणि दुधाची गाडी यांनी जी वाट बिघडत नाही, ती हंगामात उसाच्या दोन काठोकाठ भरलेल्या ट्रॉल्या एका ओल्या दिवसात उखडून टाकतात. पाऊस उघडल्यावर चार दिवस थांबणे, ट्रॉली थोडी कमी भरणे आणि अवजड वाहनास एकाच चाकोरीतून न जाऊ देणे, या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

विकत घ्यावे की भाड्याने?

तीनशे ते सहाशे मीटरच्या वाटेला जेसीबीचे काम आरंभी दोन-तीन दिवसांचे आणि पुढे वर्षाला काही तासांचे. एवढ्यासाठी यंत्र विकत घेणे म्हणजे लग्नाच्या एका पंगतीसाठी मंगल कार्यालय बांधण्यासारखे. विकत घ्यायचेच तर तिरपे पाते घ्यावे, तेही शेजाऱ्यांत मिळून. त्याचा उपयोग शेताच्या सपाटीसाठीही होतो. बाकी सारे भाड्याने.

खरी अडचण पुढे येते ती वाटणीची. एका वाटेवर चार वस्त्या आहेत असे धरू. सडकेपासून १५०, ३००, ४५० आणि ६०० मीटरवर. उदाहरणापुरता एकूण खर्च १,२०,००० रुपये मानू. सर्वांनी समान द्यायचे तर प्रत्येकी ३०,००० रुपये. पहिल्या वस्तीवाल्याला हे जाचते, कारण पुढची वाट तो वापरतच नाही. वापरानुसार द्यायचे तर पहिला टप्पा चौघांत, दुसरा तिघांत, तिसरा दोघांत आणि शेवटचा एकट्याकडे. मग वाटा येतो अनुक्रमे ७,५००, १७,५००, ३२,५०० आणि ६२,५०० रुपये. हिशेब चोख आहे, पण शेवटच्या घराला तो झेपत नाही, आणि तो मागे हटला तर काम अडते. अशा वेळी दोन्ही रीतींचा मध्य काढावा. समान वाटा आणि वापराचा वाटा यांची सरासरी अनुक्रमे १८,७५०, २३,७५०, ३१,२५० आणि ४६,२५० रुपये येते. कोणालाच पूर्ण मनासारखे मिळत नाही, आणि कोणावर अन्यायही होत नाही. हा कागद यंत्र बोलावण्यापूर्वी सर्वांच्या सह्यांनिशी तयार असावा. काम झाल्यावर मागितलेला पैसा नात्यात कटुता आणतो.

वाटच वादात असेल तर यंत्र आणू नये. गावनकाशात तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा आणि तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा मानला जातो. तलाठ्याकडे नकाशा पाहून खात्री करावी. नव्याने बांधावरून वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली, आणि वहिवाटीची वाट कोणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. दुसऱ्या प्रकारात अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. सार्वजनिक पाणंद असेल तर शासनाने २०२१ मध्ये आणलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेसारख्या मार्गांची ग्रामपंचायतीत चौकशी करावी. तरीही अनुभवी माणसे सांगतात की तहसीलच्या पायऱ्यांपेक्षा शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून सुटलेली वाट अधिक टिकते.

जिवाची काळजी

यंत्र वाट सोपी करते, पण निष्काळजीपणाला ते क्षमा करत नाही. बर्फाच्या देशात यंत्राच्या तोंडात अडकलेला बर्फ हाताने काढू पाहणाऱ्यांची बोटे जातात. इंजिन बंद केले तरी पंख्यात ताण शिल्लक असू शकतो, म्हणून तेथे काठीच वापरायची असते. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू केले तर विषारी धूर कोंडून जिवावर बेतते. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा गळ्यातले उपरणे अडकून क्षणात अनर्थ होतो. त्या दांड्यावरचे झाकण काढून ठेवू नये. काम चालू असताना मुलांना घराच्या कुंपणाआत ठेवावे, कारण मागे येणाऱ्या चालकाला लहान मूल दिसत नाही. डंपरचा हौदा किंवा जेसीबीचा हात उचलण्यापूर्वी वर विजेच्या तारा आहेत का ते पाहावे. वाटेखालून जाणाऱ्या पाइपलाइनी आधीच चुन्याने आखून घ्याव्यात आणि त्या मोठ्या पाइपातून ओवाव्यात, म्हणजे पुन्हा वाट उकरावी लागत नाही.

कामाची वेळही महत्त्वाची. चैत्र-वैशाखात, जमीन कोरडी आणि शेते रिकामी असताना, हे काम उरकावे. यात व्यवहार आहे तसाच विवेकही आहे. आषाढात चातुर्मास सुरू होतो तो या जाणिवेतूनच, की पाऊस पडल्यावर जमिनीवर गवताचे कोंब आणि असंख्य सूक्ष्म जीव वर येतात व त्या काळात हालचाल आवरावी. चरांची साफसफाई, खोदाई, माती हलवणे ही कामे कोरड्या दिवसांत आटोपली, तर पावसाळ्यात जमीन ढवळावी लागत नाही. जे व्यवहाराला सोयीचे तेच अहिंसेलाही जवळचे, असा हा योग आहे.

वाट पक्की झाली म्हणजे घराचे सारे प्रश्न सुटतात असे नाही. परंतु सप्टेंबरच्या एखाद्या रात्री पाऊस कोसळत असताना दूरवर सडकेवर दिव्यांचा प्रकाश वळतो, मोरी ओलांडून थेट अंगणापर्यंत येतो, आणि आजारी माणसाला उंबरठ्यापासून गाडीपर्यंत फक्त दहा पावले न्यावे लागते, तेव्हा वैशाखातल्या त्या घामाचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला उमगतो. या उन्हाळ्यात ज्यांना असे काम हाती घ्यायचे आहे, त्यांनी यंत्रवाल्याला फोन करण्याआधी एवढे करावे. शेजाऱ्यांना बरोबर घ्यावे, हातात दोरी व चुना घ्यावा आणि सडकेपासून घरापर्यंत एकदा पायी चालत यावे.